कमरेवरचा पिवळा चौकोन

रत्नागिरी स्टेशनावर आम्ही गाडीच्या वेळेच्या बरेच आधी पोचलो, कारण मी घाई केली. घरी बसून राहिलो असतो तर माझं आणि सुलभाचं कडाक्याचं भांडण झालं असतं. आदल्या दिवशी मी बाजारात बांगडे घेत होतो. तिथे आमच्या देवळातला गुरव भेटला आणि सहज म्हणाला, "भाऊ, काकू कौलाला आल्या होत्या. उजवा मिळाला हो."

बांगडे माझ्या हातातच राहिले. सुलभा कौल लावायला जाते काय, देव तिला उत्तर देतो काय, आणि मला, सख्ख्या नवऱ्याला, पत्ता नाही!

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न धरतात, गुरव देवापुढे गाऱ्हाणं म्हणजे विनवणी घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. पडलेली पाकळी गुरव चार दाणे तांदळाबरोबर प्रसाद म्हणून देतो.

"विचारलं काय पण तिनं?" मी म्हटलं.

"ता मनातला होता," गुरव म्हणाला. "मनातला आपण कधी इचारत नाय."

आम्ही निघालो होतो नॉर्वे देशातल्या बर्गन शहरात, लेकीकडे. अनुजा आणि जावई तिथे नोकरीला आहेत. अनुजाला दिवस गेले होते आणि दिवाळीनंतरची तारीख होती. ती फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, तुम्ही फिरून परत जा हवं तर, पण आईला मी ठेवून घेणार." मी म्हणायचो, "ती काय छत्री आहे, ठेवून घ्यायला?" आणि सुलभा नुसती म्हणायची, "बघू." त्या 'बघू'नं माझी झोप उडवली होती. सुलभा माझ्याबरोबर परत येणार की नाही, एवढंच मला हवं होतं. ते तिनं मला सोडून देवाला विचारलं असणार, आणि देव हो म्हणाला होता. पण कशाला हो? यायला की राहायला?

माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. शेजाऱ्याच्या कलमाला आमच्या आधी मोहोर आला तरी माझ्या पोटात दुखतं. त्यात मी एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर होतो. निम्म्या तालुक्याच्या बरगड्या मी पाहिल्या, पण सुलभानं मला तिचा एक फोटो काढू दिला नाही. एकदा तिला खोकला धरला, तेव्हा ती रिक्षा करून दुसरीकडे जाऊन फोटो काढून आली. "तुम्ही घरात बघता तेवढं पुरे," म्हणाली. मी त्या दुसरीकडच्या माणसाशी पुढे कितीतरी दिवस बोलत नव्हतो. त्या बिचाऱ्याला कारणही माहीत नव्हतं.

गाडीत सुलभा खिडकीशी बसली. गणपती होऊन गेले होते, भातं पोटरीला आली होती. प्रवासासाठी तिनं आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता आणि हात सारखा कमरेशी नेत होती. "कनवट सापडत नाही ना?" मी चिडवलं. (कनवट म्हणजे लुगड्याचा कमरेशी खोचलेला भाग, आमच्या बायकांची ती तिजोरी.) "तुमचा चोरखिसा सांभाळा," ती म्हणाली. आमच्या शिंप्यानं माझ्या नव्या पॅंटीला पट्ट्याच्या आत, न सांगता, एक चोरखिसा शिवून ठेवला होता. परदेशात खिसेकापू फार, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यात मी काही ठेवलं नाही. दोन बोटं जेमतेम जातील एवढा तो खिसा, त्यात ठेवणार काय?

मुंबईच्या विमानतळावर बायकांच्या तपासणीला वेगळा पडदा होता. सुलभा आत गेली आणि लगेच बाहेर आली. माझा तिथे तरी काही संशय नव्हता.

खरं नाटक झालं ते जर्मनीत, विमान बदलताना. तिथे काचेची एक गोल कोठडी उभी होती. आत शिरायचं, खाली काढलेल्या पावलांवर पाय ठेवायचे, हात वर करायचे. ते यंत्र पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुठेतरी वाचलं होतं की या यंत्राला कपडे दिसतच नाहीत, आणि आतल्या कुठल्यातरी खोलीत कुणीतरी बसून सगळं बघतं. आणि काचेमागच्या त्या माणसाला मी चांगला ओळखतो. उभी हयात तो मीच होतो.

"माय वाइफ नो मशीन!" मी मोठ्यानं म्हटलं.

तिथे एक धिप्पाड, आखूड केसांची अधिकारी बाई होती. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं होतं, म्हणून मला सगळं कळलं. यात एक्स-रे नाहीत, ती म्हणाली. फोटोही राहत नाही. आणि जबरदस्तीही नाही, नको असेल तर हातानं तपासू. मग तिनं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "पण ते तिला विचारा. अंग तिचं आहे."

मी हे सुलभाला मराठीत सांगायला वळलो, तर सुलभा कोठडीत! पावलांवर पावलं ठेवून, हात वर करून, आरतीला उभी राहावी तशी शांत. मला विचारलंसुद्धा नाही.

आतली खोली कुठली न् काय! यंत्राच्या बाजूलाच एक पाटी उजळली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मी मान लांब करून पाहिलं. अंगणात पोरं खडूनं काढतात तसा एक माणूस होता त्यावर. बाई नाही, पुरुष नाही, नाक नाही, डोळे नाहीत. सुलभा त्यात जाऊ दे की मी जाऊ दे, माणूस तोच. माझ्या धंद्याचा तर तो अपमानच होता. मला हायसं वाटणार, एवढ्यात त्या खडूच्या माणसाच्या कमरेवर, डाव्या अंगाला, एक पिवळा चौकोन उमटला.

अधिकारी बाईनं सुलभाला पडद्याआड नेलं. मी बाहेर. मी एकदा टाचा उंचावल्या तर दुसऱ्या शिपायानं बोटानंच मला मागे सरकवलं. आणि मग आतून हसू आलं. एकटीचं नाही, दोघींचं! सुलभाला इंग्रजी येत नाही, त्या बाईला मराठी येणं शक्य नाही, आणि दोघी खिदळतायत!

सुलभा बाहेर आली ती ओढणी सारखी करत. त्या बाईनं आपल्या छातीवर हात ठेवून तिला निरोप दिला. मला नुसती मान हलवली.

"काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. गाठ होती."

"कसली गाठ?"

"नाडीला बांधलेली," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

विमानात बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. कौलाची पाकळी! कनवट नाही म्हणून तिनं ती फडक्यात बांधून सलवारीच्या नाडीला अडकवली होती. म्हणजे मुंबईच्या पडद्यातल्या बाईच्या हातालाही ती लागली असणार. मुंबईला माहीत, जर्मनीला माहीत, देवाला तर माहीतच. एक मीच काय तो परका. मी विमानातलं जेवण न जेवता परत दिलं. सुलभानं माझा पाव आपल्या ताटात घेतला.

बर्गन सुंदर आहे, आणि तेच मला सहन झालं नाही. समुद्र आहे, लगेच डोंगर आहेत, पाऊस आहे. म्हणजे आमच्याकडे आहे तेच सगळं, पण घासूनपुसून ठेवल्यासारखं. धक्क्यावर लाल-पिवळी लाकडी घरं ओळीनं उभी आहेत. मासळीबाजारात गेलो तर तिथे चक्क बांगडे! मक्रेल म्हणतात त्याला. आमच्या बांगड्याहून हातभर मोठे आणि अंगानं तेलकट. मी वाकून वास घेतला. वासच नाही. म्हातारा विक्रेता हसून म्हणाला, "ताजा आहे." मी म्हटलं, "आमचापण ताजा असतो, पण बांगडा आहे हे वासानं कळतं तरी." तो कुठून आलात म्हणाला. मी रत्नागिरी म्हटलं. त्यानं मान हलवली, जणू त्याला माहीत आहे. त्याचाही मला राग आला.

जावयानं बांगडा आणला, सुलभानं तिरफळं घालून त्याचं तिखलं (घट्टसर तिखट कालवण) केलं. बरोबर नेलेली आमसुलं घातली. सगळ्यांनी बोटं चाटली. मी म्हटलं, "चव आपल्या बांगड्याची नाही." आणि तीनदा भात घेतला. न्याहारीला ते लोक ब्रुनोस्ट (तपकिरी रंगाचं गोडसर चीज) खातात. त्याचे पातळ काप पावावर ठेवायचे. गूळ घातलेला खरवस सुकवला तर लागेल, तसं लागतं. सुलभाला ते इतकं आवडलं की ती शेजारच्या मारित नावाच्या म्हातारीकडून ते कापायची सुरीसुद्धा वापरायला शिकून आली. दोघी बाकावर बसून लोकर विणायच्या. भाषा एक अक्षर नाही आणि गप्पा तासन् तास. मी मधे जाऊन बसलो की गप्प.

तिथली एक गोष्ट मात्र मला अजब वाटली. घरांना पडदेच नाहीत. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यावरून चालताना लोकांची जेवणं दिसतात, पोरांचे अभ्यास दिसतात. मी थांबून बघायला लागलो तर अनुजानं कोपर ढोसलं. "बाबा, बघायचं नसतं."

"मग पडदे का लावत नाहीत?"

"कुणी बघत नाही म्हणून."

आमच्या आळीत खिडकीखिडकीला पडदे आहेत, आणि कुणाकडे आज काय शिजलं ते कोपऱ्यावरच्या वाण्यालासुद्धा ठाऊक असतं. हे मी अनुजाला बोललो नाही. कारण त्याच सकाळी सुलभा आंघोळीला गेलेली असताना खुंटीवरच्या सलवारीपाशी मी उभा होतो. हात पुढे केला होता. बोटाला फडक्यातले तांदळाचे दाणे लागले. गाठ सोडणं काही अवघड नव्हतं. पण नुसत्या पाकळीवरून प्रश्न थोडाच कळणार? एवढा विचार करेपर्यंत पाण्याचा आवाज थांबला, म्हणून मी खिडकीशी जाऊन हवा बघत राहिलो.

मग आम्ही दोघं डोंगरावर गेलो. दोरीनं ओढली जाणारी गाडी वर नेते. वर ढग उतरले होते, खालचं शहर दिसेना. माझी छत्री वाऱ्यानं उलटी झाली ती कायमचीच. सुलभा लेकीचा रेनकोट घालून बाकावर बसली, कोरडी ठणठणीत. डब्यातून तिनं नारळाची वडी काढून मला दिली आणि म्हणाली, "अहो, मी इथे अनूजवळ राहते. तुम्ही तिकिटाप्रमाणे पुढे व्हा."

मी वडी परत डब्यात ठेवली. "म्हणजे दिवाळीला मी एकटा?"

"बाळ-बाळंतीण नीट झाली की येते."

"मला विचारलंस?"

"सांगते आहे ना."

"देवाला विचारलंस! त्या जर्मन बाईला दाखवलंस! मलाच तेवढं नाही!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले, इतका मी ओरडलो. "काय आहे त्या गाठीत? काय विचारलंस?"

सुलभा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं जगाच्या बरगड्या बघितल्यात तुम्ही," ती म्हणाली. "माझी एवढीशी गाठ राहू दे की माझ्यापाशी."

परत येताना मी गाडीत वेगळ्या बाकावर बसलो. नंतरचे दिवस मी अनुजाशी बोलायचो, जावयाशी बोलायचो, आणि सुलभाला त्यांच्यामार्फत निरोप द्यायचो. ती माझी बॅग भरत होती, शर्ट घड्या करत होती, पॅंटीला इस्त्री करत होती. प्रत्येक घडीगणिक मला वाटत होतं, हिला किती घाई झाली आहे मला घालवायची! लेकीचा मला हेवा वाटला, न जन्मलेल्या नातवंडाचा वाटला, त्या मारित म्हातारीचासुद्धा वाटला. सुलभा या सगळ्यांची होणार होती आणि मी घरी जाऊन कुळथाची पिठी ढवळणार होतो.

बर्गनच्या विमानतळावर तपासणीच्या दारापर्यंत सगळे आले. "औषधं वेळेवर घ्या," सुलभा म्हणाली. मी "हं" म्हटलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आत तीच काचेची कोठडी. आता मी अनुभवी झालो होतो. घड्याळ, पाकीट, चष्म्याचं घर, पट्टा, सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं. पावलांवर पावलं ठेवली, हात वर केले. बाहेर येऊन पाटीवर पाहिलं तर तोच खडूचा माणूस. आणि त्याच्या कमरेवर पिवळा चौकोन!

"खिशात काही?" तरुण अधिकाऱ्यानं विचारलं.

"काही नाही," मी ठणकावून सांगितलं. खिसे उलटे करून दाखवले. मग त्याचा हात माझ्या पॅंटीच्या पट्टीवरून फिरला, थांबला, आणि मला एकदम शिंपी आठवला. चोरखिसा! त्यात दोन बोटं घातली तर फडकं लागलं. आत तांदळाचे दाणे.

मागे रांग होती. लोक बघत होते. अधिकारी म्हणाला, "उघडून दाखवा." आणि मला काय झालं कोण जाणे, मी मूठ घट्ट मिटली. "इथे नाही," मी म्हटलं. "पडदा."

पडद्याआड मी ती गाठ सोडली. चार दाणे तांदूळ आणि एक वाळून काळी पडलेली पाकळी. त्या पोरानं एक कागदी पट्टी फडक्यावरून फिरवली, ती यंत्रात घातली, आणि पुरे म्हणून खूण केली. मग सहज विचारलं, "काय आहे हे?"

तुटक्या इंग्रजीत मला सांगता आलं असतं. देव, फूल, गुड लक, एवढ्यावर भागलं असतं. "प्रायव्हेट," मी म्हटलं. तो म्हणाला, "ऑफ कोर्स," आणि चक्क पाठ करून उभा राहिला. मी गाठ बांधली. सैल वाटली, म्हणून सोडून पुन्हा बांधली.

विमानाच्या दाराशी बसून मी फोन लावला. "माझ्या खिशात काय घातलंस?"

"सापडलं वाटतं." ती हसली. "प्रसाद ज्याच्यासाठी मागितला त्याच्यापाशी राहायला नको?"

"माझ्यासाठी? तू राहायचं की नाही ते विचारलं होतंस ना?"

"ते काय विचारायचं? लेक बाळंत व्हायची आहे, मी राहणारच होते. मी विचारलं, हे एकटे नीट राहतील का? देवानं लगेच उजवा दिला."

"लगेच?"

"गुरवाचं गाऱ्हाणंसुद्धा संपलं नव्हतं."

मला हे फार लागलं. देवाला जरा विचार करायला काय झालं होतं? पाकळी थोडी अडकली असती, हलली असती, तर माझी काही किंमत राहिली असती. "मग मला आधीच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम आजारी पडला असता."

ते खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. "आणि ती जर्मन बाई? हसलात काय एवढं?"

"तिनं गाठीकडे बोट दाखवून विचारलं काय आहे. मी पडद्याच्या फटीतून तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही टाचा उंच करून बघत होतात."

रत्नागिरीला उतरलो तेव्हा भातं पिवळी झाली होती. रिक्षावाला ओळखीचाच निघाला. "काकू नाय आल्या?" त्यानं विचारलं. शेजारणीनं विचारलं. वाण्यानं विचारलं, आणि वर 'भांडण नाही ना झालं?' हेही विचारलं. घरात सुलभानं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. निघायच्या आधीच! पहिलं घावन (तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार पोळी) तव्याला चिकटलं, दुसरं फाटलं, तिसरं बरं झालं. म्हणजे देवाचं बरोबर होतं, आणि तेही मला आवडलं नाही.

प्रवासात काय पाहिलंत, असं लोक विचारतात. बांगडा पाहिला, ढग पाहिले, पडदे नसलेल्या खिडक्या पाहिल्या. आणि ते यंत्र पाहिलं, ज्याच्यासाठी मी एवढा आरडाओरडा केला. बिचाऱ्याला कमरेची गाठ तेवढी दिसते. गाठीतलं त्याला दिसत नाही, आणि काचेमागे जन्म घालवून मलाही दिसलं नाही.

परवा सकाळी आंघोळ करून मी देवळात गेलो. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "काय गाऱ्हाणा घालू, भाऊ?"

"मनातलं आहे," मी म्हटलं.

पाकळी पडली. कुठली ते मी पाहिलं, गुरवानं पाहिलं, आणि मी ती फडक्यात बांधून चोरखिशात घातली. आमच्या गावात बातमीला किती वेळ लागतो? दुपारी मी पानावर बसतो न बसतो तो बर्गनहून फोन.

"कौल लावलात म्हणे? काय विचारलंत?"

"मनातलं होतं."

पलीकडून ती म्हणाली, "मलासुद्धा नाही सांगणार?" त्या आवाजात जे होतं ते मी ओळखतो. आयुष्यभर ते माझ्याच पोटात दुखत आलं आहे. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक घावन वाढून घेतलं.

"अहो, निदान उजवा की डावा, तेवढं तरी सांगा!"

"घरी आलीस की सांगतो," मी म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.